सत्यनारायणाचा प्रसाद

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली व्यालेली कुत्री परवा सकाळी मरून पडली होती. तोंडाला फेस आला होता आणि पिल्लं अजून तिला लुचत होती. पोळीतून विष कोणी घातलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तळमजल्यावरच्या नानांनी ते लपवलंही नव्हतं.

संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. सोवळं नेसलेले, कपाळावर गंध, हातात सत्यनारायणाचा प्रसाद.

"नाना, त्या कुत्रीला तुम्ही मारलंत," मी म्हणाले.

"कोणीतरी करायलाच हवं होतं, वहिनी. मुलंबाळं खेळतात इथं." आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती.

लहानपणी चित्रातला राक्षस सुळ्यांवरून ओळखू यायचा. वाईटपणा असा दुरून दिसतो, अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. नानांचा चेहरा मात्र नुकत्याच पूजेवरून उठलेल्या माणसाचा होता, शांत आणि समाधानी. त्यांना झोपही चांगली लागत असणार.

मी हात पुढे केला नाही. तेव्हा कुठे ते दुखावले.

"प्रसादाला नाही म्हणू नये," ते अगदी कळवळून म्हणाले. "पाप लागतं."