चिठ्ठीशिवाय गिटार

वॉचमनने माझी गिटारची पिशवी टेबलावर आडवी घातली, चेन उघडली आणि आत हात घालून चाचपलं. येणारे-जाणारे बघत होते.

"चिठ्ठी?"

"माझीच आहे, दादा."

"सगळ्या तसंच सांगतात. फ्लॅटवाल्यांची चिठ्ठी आण."

नवीन पनवेलच्या त्या सोसायटीत मी तीन घरी पोळ्या करायचे. कामवाली काही बाहेर नेत असेल तर घरच्यांनी लिहून द्यायचं, ही तिथली पद्धत. जुनी साडी, उरलेला शिरा, सगळ्याच्या चिठ्ठ्या मी आणल्या आहेत. कधी काही वाटलं नाही. वस्तू त्यांच्या होत्या.

ही गिटार माझ्या बाबांची. ते आमच्या बेलपाड्यात लग्नाच्या हळदीला बँजो पार्टीत वाजवायचे. आधी बँजो, मग गिटार. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पण वारण्याआधी बाबांनी गिटारवर माझा हात तयार केला.

निखिल त्या तीनपैकी एका घरचा मुलगा. मी पोळ्या लाटायचे तेव्हा तो आतल्या खोलीत त्याच्या गिटारशी झटापट करायचा. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "दंडातून नको, मनगटातून मार." परक्या घरात मी आपणहून बोलले ते पहिल्यांदाच. त्याने गिटार माझ्या हातात दिली. मी हळदीच्या वेगाने वाजवलं.

"हे तर हार्डकोर पंक आहे," तो म्हणाला.

मला ते नाव माहीत नव्हतं. दीड मिनिटाचं गाणं, भरधाव, ओरडून म्हटलेलं. मला जे तोंडाने बोलता येत नाही ते त्यात मावायचं. बँड काढू या, हे मी म्हटलं. मीच. सहाही गाण्यांच्या चाली माझ्या. निखिल गातो, त्याचा मित्र ड्रम वाजवतो. सराव निखिलच्या खोलीत, म्हणून माझी गिटार तिथेच ठेवली होती. आत नेताना कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी आमचा पहिला कार्यक्रम होता. पोरं गाडीने पुढे गेली. मी पोळ्या उरकून गिटार घेऊन निघाले आणि गेटवर अडकले. वॉचमनने वर फोन लावला. निखिलच्या आई चिठ्ठी लिहूनच खाली आल्या. "जुनी गिटार कामवालीला दिली आहे."

"काकू, दिली असं नका लिहू. माझी आहे."

"अगं, असंच लिहितात. जा आता, उशीर होतोय ना?" रागावल्या नाहीत. हसल्या.

वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. मिळाली म्हणून माझी सही हवी होती. मी निखिलला फोन केला.

"सही कर आणि ये ना यार. आईशी आत्ता कुठे वाद घालू?"

"बँड कुणी काढला ते सांग त्यांना."

"तिला काय कळतंय बँडमधलं? ये तू."

सही केली की बाबांची गिटार कागदावर काकूंनी दिलेली होणार. मी पेन खाली ठेवलं. वॉचमनने गिटार केबिनमध्ये कपाटामागे उभी केली. मी गेटबाहेर नुसती उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही.

कार्यक्रम झाला. माझ्या चाली निखिलने वाजवल्या, चुकतमाकत. कार्यक्रमाच्या व्हिडिओखाली कुणी विचारलंय, चाली कुणाच्या? त्याने लिहिलंय, बँडच्या.

"सही कर ना गो बाय," घरी आई म्हणाली. "आपली वस्तू घरी आली का झाला. भांडून काय भेटनार हाय?"

काकूंनी दुसरी पोळीवाली ठेवली. उरलेल्या दोन घरी जाताना केबिनच्या काचेतून गिटार दिसते. मी मान खाली घालते. मला भांडता येत नाही.

काल निखिलचा मेसेज आला. "रविवारी प्रॅक्टिस. सही करून टाक ना."

मी दुपारभर बसून उत्तर लिहिलं. चार वेळा खोडलं. मग पाठवलं.

"काकूंनी गेटवर येऊन रजिस्टरमध्ये लिहायचं, गिटार हिची आहे. तू शेजारी उभं राहायचं. बँड मी काढला आहे. ते लिहून होईपर्यंत तू बँडमध्ये नाहीस."