अकरा कंदांची राखण

फेब्रुवारीत ॲशकोम्बच्या बागेत जो गुडघे टेकतो तो चोर, अशी मॅविस क्लटरबकची पक्की समजूत होती. उभ्यानं फुलं बघेल तो पाहुणा, कमरेत वाकेल तो हावरा, आणि घरून रबरी चटई काखेत मारून येईल त्याच्यावरून तर नजर हलवायचीच नाही. त्या महिन्यात तिथल्या झाडांखाली स्नोड्रॉपची पांढरी फुलं दूध सांडल्यासारखी पसरतात आणि ती बघायला लांबलांबून माणसं येतात. त्यातली निम्मी चहा पिऊन परत जातात. उरलेल्या निम्म्यांच्या खिशात खुरपं असतं, असं मॅविसचं म्हणणं. दुर्मिळ जातीच्या एकेका कंदाला शौकीन सोन्याचा भाव देतात.

स्वभाव जुनाच. सव्वीस वर्षं ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. पोरगं कसं चालतंय यावरून पाव कुठल्या खिशात आहे हे ती ओळखायची. नवरा रेज याच बागेत एकतीस वर्षं माळी. एका वर्षी तो दर रविवारी दुपारी बूट पुसून गुपचूप बाहेर पडायला लागला. मॅविसनं तीन रविवार दात-ओठ खाल्ले आणि चौथ्या रविवारी कुंपणाआडून त्याच्या मागं गेली. बघते तर हा गडी पूर्वी बर्फ साठवायच्या जुन्या बर्फघराच्या भिंतीपाशी चिखलात पालथा पडलेला आणि नाकासमोर एकच फूल. ही फुलं मान खाली घालून असतात. वर उचललं तर आतल्या पाकळीवर हिरवा ठिपका दिसतो. याचा ठिपका पिवळा होता.

"बाई असती तर झिंज्या तरी धरल्या असत्या," ती पुढं नोरीनला सांगायची. "फुलाच्या कुठं धरू?" नोरीन म्हणजे बागेतलं चहाघर चालवणारी तिची मैत्रीण.

त्या फुलाच्या एका कंदाचे वीस वर्षांत अकरा झाले. बागेनं शेजारी खोचलेल्या काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नाव घातलं, 'क्लटरबक'. या अकरांखेरीज दोन कंद बाहेर एका जाणकाराला दिले होते, ते कुजून गेले. म्हणजे जगात असतील नसतील तेवढे इथंच. रेजला जाऊन चार वर्षं झाली. पोटी मूलबाळ नव्हतं. मॅविसनं बागेत बिनपगारी काम मागून घेतलं, छातीवर हिरवा बिल्ला लावला आणि बर्फघराच्या वळणावर जी उभी राहिली ती तिथून हलली नाही.

यंदा तिच्या डोळ्यांत सलत होता तो एक टोपीवाला. पिवळट टोपी, घोट्यापर्यंत कोट, आणि हातात काठीच्या टोकाला बांधलेला छोटा आरसा. पुंजक्यापुढं चटई टाकून तो आरसा फुलांखाली सरकवत बसायचा.

"आरसा कशापायी?" मॅविसनं विचारलं. "फुलांची दाढी करताय का काय?"

"फुलाला हात न लावता आतलं दिसतं, बाई."

"तिसऱ्या खेपेला आलाय न्हवं?"

"तुम्हीही तिन्ही खेपांना इथंच आहात. बाकीची बाग बघवत नाही का?"

तो हसला. मॅविसला ते हसणं मुळीच आवडलं नाही. शिवाय कोटाचा आतला खिसा फुगलेला होता.

"आगं, थर्मास असंल," नोरीन म्हणाली.

"बागेत येऊन जो तुझा चहा पीत न्हाई, त्याचं काय सांगतीस मला!"

त्या संध्याकाळी बाग बंद झाल्यावर मॅविसनं काळी पट्टी उपटली आणि सहा पावलांवरच्या साध्या पुंजक्यात नेऊन खोचली. फुलं तोवर कोमेजायला लागली होती. चार दिवसांत नुसती पात उरणार, मग चोराला दिसणार ती पट्टीच. चोरू दे मेल्याला साधे कंद! तिनं हे कुणाला सांगितलं नाही. नोरीनच्या कानात घातलेलं बिस्किटांबरोबर सगळ्या टेबलांवर जायचं. आणि मुख्य माळीण पिपा पोर चांगली असली तरी गेल्या शरदात आलेली. तिच्या आधीच्या मालकाकडं तिनं काय दिवे लावले होते कुणाला ठाऊक?

मग मॅविसला ताप भरला. दहा दिवस ती अंथरुणात होती. अकराव्या दिवशी मफलर गुंडाळून वळणावर आली तर भिंतीपाशी नुसता खड्डा. सहा पावलांवरचा साधा पुंजका पट्टीसकट जागच्या जागी.

तशीच ती रोपं वाढवायच्या काचघरात पिपासमोर जाऊन उभी राहिली. "टोपीवाल्यानं नेलं! पोलिसांना फोन लाव!"

"काय नेलं?"

"बर्फघराच्या भिंतीचा पुंजका!"

"तो होय? तो मीच काढला." पिपानं हात पुसले. "नाव नव्हतं, साधाच होता. फुलं गेल्यावर, पात हिरवी असतानाच काढायचे असतात ना. तीन कुंड्या केल्या आणि विकायला ठेवल्या चहाघराबाहेर. मॅविसबाई, बसा आधी. पांढऱ्या पडलात."

मॅविस बसली नाही. चहाघराकडं धावली.

"तिन्ही गेल्या," नोरीन म्हणाली. "एकट्यानंच नेल्या. तुझ्या त्या टोपीवाल्यानं. सुटे परतसुद्धा घेतले न्हाईत. जाता जाता म्हणाला, ही राखण करणारी बाई आली तर माझा पत्ता द्या. मला वाटलं, तुझ्यावर भाळला."

"गप गं!"

चिठ्ठीवर लिहिलं होतं, सिरिल पेनीफोल्ड, लोअर सेपर्टन. दुपारच्या बसनं मॅविस दारात. खिडकीच्या आत तिन्ही कुंड्या ओळीनं मांडलेल्या.

"याल वाटलंच होतं," तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्याचे कंद हायत ते. द्या हिकडं."

"बाई, मी चाळीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होतो. माणूस ओळखतो. तुम्ही दर खेपेला एका जागी उभ्या. एके दिवशी पट्टी हलते. खरा पुंजका बिननावाचा होतो, आणि चार दिवसांत तिथं खड्डा पडून तो साधा म्हणून विकायला येतो. याला आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे? आतल्या माणसाचं काम. म्हटलं, बाईचा कुणी जोडीदार येऊन उचलायच्या आत आपण उचलावं."

मॅविसनं सत्तरी ओलांडली होती, आजवर तिनं गावभर चोर बघितले, पण तिला कुणी चोर म्हटलं नव्हतं.

"मी? रेजचं फूल मी चोरीन?"

"मग पट्टी कुणी हलवली?"

"म्या हलवली! तुमच्यापायी!"

तो खिडकीपाशी जाऊन कुंड्यांपुढं उभा राहिला. "असेल. पण कुंड्या तुमच्या हाती देणार नाही. माळीणबाईंच्या समोर देईन."

"आणि म्या तुमच्या हाती ऱ्हाऊ देणार न्हाई."

शेवटी तो गाडी चालवायला बसला आणि तिन्ही कुंड्या मांडीवर घेऊन ती शेजारी. पाच मैलांत प्रत्येक वळणावर तो कुंड्यांकडं बघायचा, ती रस्त्याकडं, हा भलतीकडं तर नेत नाही ना म्हणून.

काचघरात मॅविसनं सगळं कबूल केलं. शाळेत पोरांकडून कबुली घ्यायची सवय, द्यायची नाही. त्यामुळं आवाज जरा चढाच लागला. पिपा रागावली नाही, तेच जास्त लागलं. तिनं मातीतून कंद मोकळे केले. अकराच्या अकरा.

"मॅविसबाई, चूक पट्टीची नाही," पिपा म्हणाली. "सगळे एकाच खड्ड्यात ठेवले ही चूक. एक उंदीर, एक सड, की संपलं. थोडे बाहेर कुणाकडं तरी असायला हवेत. तीन कंद यांच्याकडं ठेवू या? नाव तुमच्या घरचं, तुम्ही म्हणाल तसं."

मॅविसनं पेनीफोल्डकडं वरून खालपर्यंत बघितलं. त्याचा कोट, टोपी, फुगलेला खिसा. मग त्याची नखं बघितली. काळ्या मातीनं भरलेली, रेजची असायची तशी. त्यावरून काही ठरत नव्हतं. माती चोराच्या नखांतही असते.

"तीन न्हाई, दोन," ती म्हणाली.

"दोन," त्यानं मान डोलावली.

"आणि दर आठवड्याला बघायला येईन. वार सांगणार न्हाई."