बारशाला आत्या खोकत आली

अन्याय झाला तो माझ्या भाचीवर आणि तिच्या आईवर, म्हणजे माझ्या वहिनीवर. कधी? २००२ सालच्या मे महिन्यात, बाळाच्या बाराव्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, चांदवडला, वहिनीच्या माहेरी. करणारी मी. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही.

त्या वर्षी मी कॉलेजात होते आणि पत्रकं वाटत होते. नाशिकला द्वारकेच्या चौकात, एसटीच्या रांगेत, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणाऱ्यांना आम्ही त्यात सरळ खुनी म्हणायचो. तीन आठवडे मला खोकला होता. उन्हाचा, धुळीचा म्हणून मी तो सोडून दिला. पण तो साधा नव्हता. उबळ आली की श्वास संपेपर्यंत थांबायची नाही, शेवटी ओकारी.

बारशाच्या आदल्या दिवशी मी आईला म्हटलं, "मी नाही येत. एवढंसं बाळ, त्यात हा खोकला."

"आत्याशिवाय बारसं? मग नाव काय मी ठेवू?" आई म्हणाली. "आणि पहिली मुलगी झालीय. तू नाही आलीस तर व्याही काय समजतील? मुलगी झाली म्हणून नणंदेनं तोंड फिरवलं. जगाला पत्रकं वाटतेस ना? मग?"

माझी दुखरी नस आईला बरोबर ठाऊक. मी खोकल्याचं औषध ढोसलं, पर्समध्ये रुमाल कोंबला आणि जीपमध्ये बसले.

चांदवडला घर बायकांनी भरलेलं. वहिनी पाळण्याशेजारी बसली होती. जीपमधून उतरताना मी खोकले ते तिनं आतून ऐकलं असणार. मी जवळ गेले तशी ती हळूच म्हणाली, "ताई, लांबूनच सांगा ना नाव."

हळू बोलली, तरी तिच्या मावशीनं ऐकलंच. "लांबून? का गं, पोरगी झाली म्हून लांबून का?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही, पण वाकले. आमच्याकडे आत्या बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करते आणि त्याच क्षणी बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. "मारा गं आत्याबाईला! लय शिकलेली हाय, जोरात मारा!" पहिल्या धपाट्याला मी नाव सांगितलं. दुसऱ्याला उबळ आली. रुमाल पर्समध्ये होता, पर्स कोनाड्यात, आणि माझं तोंड पाळण्यात. पाठीवर हात पडतच होते. त्यांना वाटलं, आत्या नाटक करतेय.

वहिनीनं बाळाच्या तोंडावर पदर टाकला. तेवढंच तिच्या हातात होतं.

बारशानंतर दहाव्या दिवशी बाळ खोकू लागलं. मग खोकणंही थांबलं आणि ते निळं पडलं. भावानं नाशिकला आणून ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणाले, डांग्या खोकला दिसतोय. मोठ्यांना तो छळतो, एवढ्या बाळाचा श्वासच अडवतो. "घरात कुणाला जुना खोकला?"

"नाही हो," आई म्हणाली. माझ्यासमोर. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. चौकात माईकशिवाय बोलणारी मी, फरशीकडे बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी एकटी जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांना सांगायला सोपं होतं. ते आमच्या घरचे नव्हते. घरात तोवर निकाल लागला होता: बाळंतिणीनं दही खाल्लं. वहिनी काचेपलीकडे नळ्या लावलेल्या लेकीकडे बघत उभी असायची आणि येणारी प्रत्येक बाई तिला दह्याबद्दल विचारून जायची. मी तेव्हाही गप्प. बाळ वाचलं, पण त्याचं श्रेय आमच्यापैकी कुणाचंही नाही.

ती भाची आता सहा वर्षांची आहे. वहिनीला गेल्या आठवड्यात मुलगा झाला. मुलगा म्हटल्यावर हॉल आला, कार्डं आली. कार्डाच्या प्रुफावर मी एक ओळ लिहिली: सर्दी, खोकला, ताप असलेल्यांनी घरूनच आशीर्वाद द्यावेत.

भावानं ती खोडली. "लोकांना बोलवतोय की हाकलतोय? आपल्यात असलं छापत नाहीत."

शेजारीच 'कृपया आहेर आणू नये' छापलेलं होतं. त्यानं कुणाचा अपमान होत नाही.

वहिनी दारातून म्हणाली, "ताई, ओळ का हवी ते सांगा की त्यांना."

सहा वर्षांत तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं. आणि मी म्हटलं, "जाऊ दे वहिनी." तिनं मान हलवली आणि आत गेली. आश्चर्य वाटल्यासारखी नाही.

बारसं रविवारी आहे. म्हणून हा कागद. पहिली प्रत आज भावाच्या हातात देणार, दुसरी आईच्या. बाकीच्या तुमच्यासाठी. खोकला असेल तर पाळण्यापाशी जाऊ नका, आत्या असाल तरी नाही. जी आली नाही तिच्या न येण्याचा अर्थ लावत बसू नका. आणि तुमच्या घरचं कार्ड छापायला जाईल तेव्हा आहेराच्या ओळीखाली ही ओळ छापा. कुणी खोडली तर परत लिहा.