कोयनानगरात वाजवलेली चाळीस मात्रांची शांतता

सत्तरच्या दशकात सांगलीत आम्ही चौघं मिळून नवं संगीत वाजवत असू. हे सांगितलं की लोक आजही माझ्याकडे जरा संशयानं बघतात. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि व्हायोलिन बरं वाजवायचो. आमचे गणिताचे तरुण सर माझ्यापेक्षा बरं वाजवायचे, रचनाही तेच करायचे. दिलरुब्यावर एका जैन हळदव्यापाऱ्याची मुलगी होती आणि क्लॅरिनेटवर कुंडलचा एक गडी, लष्कराच्या बँडमधून नुकताच सुटून आलेला. त्याला आम्ही फौजी म्हणायचो.

सरांच्या रचनेला ना ठेका होता, ना ठरलेला राग. तालीम दिलरुबेवालीच्या घरी चालायची. एकदा तासभर वाजवून झाल्यावर तिचे वडील आत डोकावले आणि अदबीनं म्हणाले, "सूर जुळवून झाले असतील, तर आता वाजवा की."

रचनेच्या मधोमध चाळीस मात्रांची शांतता होती. डोळे मिटून चौघांनी मनात मोजायचं. "हाच रचनेचा प्राण," सर म्हणायचे.

"सर, परेडीला इतका वेळ गप हुबं केलं तर मानसं पडत्यात," फौजी म्हणाला होता.

सरांचा एक वर्गमित्र कोयनेच्या प्रकल्पावर इंजिनिअर होता. त्यानं वसाहतीत कार्यक्रम ठरवला. पाटणच्या पुढं एसटी इतकी वळली, की उतरल्यावर दिलरुबेवाली अर्धा तास लिंबू हुंगत बसली.

संध्याकाळी हॉल भरला. पहिली दहा मिनिटं लोकांनी सोसलं, मग खुर्च्या कुरकुरायला लागल्या. तेवढ्यात शांतता आली. आम्ही डोळे मिटले. विसाव्या मात्रेच्या आसपास स्टेज थरथरलं. मला वाटलं, फौजी बूट आपटतोय. त्याला वाटलं, मी भीतीनं कापतोय. पुढंही काही हललं, काही सरकलं, पण आम्ही मोजत राहिलो.

चाळीस झाले. डोळे उघडले, तर हॉल रिकामा! खुर्च्या कलंडलेल्या आणि मधल्या वाटेत कुणाचीतरी एक चप्पल.

सरांचा चेहरा मला बघवेना.

"सर, वाजवायचं का?" दिलरुबेवालीनं हळूच विचारलं.

"वाजवायचं. रचना पुरी करायची."

आम्ही खुर्च्यांसाठी वाजवायला लागलो. इतक्यात दारातून वॉचमन ओरडला, "आवं, वाजवताय काय! धरणी हलली, भाईर या!"

स्टेजवरून पहिली उडी फौजीची पडली.

बाहेर मैदानात सगळे निवांत गप्पा मारत उभे होते. त्यांना धक्के रोजचे होते. सरांनी इंजिनिअर मित्राला गाठलं.

"म्हणजे तुम्ही कंटाळून उठला नाहीत?"

"कंटाळलो होतोच रे," तो म्हणाला, "पण उठायला निमित्त मिळालं."

एवढ्यात आत जायला कुणी तयार नव्हतं. मग बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी म्हणाली, "हितंच वाजवा की. उगं हुबं ऱ्हाऊन काय करायचं?"

आम्ही पहिल्यापासून वाजवलं. शांतता आली आणि या वेळी मी डोळे उघडे ठेवले. सगळं मैदान गप्प झालं होतं. पुन्हा हलतंय का, म्हणून जो तो पायाखालचा कानोसा घेत होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. एवढ्या माणसांची अशी शांतता मी पुढं कधी ऐकली नाही. सर इतके हरखले, की गणिताचा माणूस असून मात्रा चुकले. पन्नास झाले तरी व्हायोलिन उचलेनात. शेवटी दिलरुबेवालीनंच गज ओढला.

टाळ्या मनापासून पडल्या. लगेच मागून फर्माईश आली, "आता एक शिनेमातलं हुंद्या!"

सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. फौजीनं त्यांच्याकडे न बघताच क्लॅरिनेट ओठांना लावलं. दुसऱ्या कडव्याला सरांचं व्हायोलिन हळूच आत शिरलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्यानं तेच वाजत होतं.