पालखीच्या खेळातली काजूची झाडं

‘थंय झाडां घाल. काजूची घाल. बरी दिसतली.’

भाटकार असं म्हणाले आणि पर्वरीच्या आमच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर त्यांनी बोट ठेवलं. बोटाखाली आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती होती. माझं घर होतं. ते मीच काढलं होतं.

मोबाइलवरचे खेळ आणि ॲप लोकांना वापरायला सोपे कसे होतील, ते मी बघते. बटण कुठे, रस्ता कुठे, बोट कुठे जाईल, हे माझं काम. पेडण्यातल्या आमच्या गावच्या देवस्थानाने एक छोटा खेळ करायला दिला होता. भाटकार म्हणजे गावचे जमीनदार, देवस्थानाच्या समितीचे अध्यक्ष. खेळ साधा. बोटाने पालखी ओढायची, घरोघर न्यायची, प्रत्येक दारात आरती आणि नारळ घ्यायचा. सर, म्हणजे कंपनीचे मालक, मला म्हणाले, ‘तुझंच गाव, तूच कर.’ मी हुरळून गेले. आमच्या वाड्यावरून ऑफिसात कामाला लागलेली मी पहिलीच.

आता खरी पालखी सांगते. ती गावभर फिरते आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या अलीकडे, आंब्यापाशी वळते. व्हाळापलीकडे आम्ही. आम्ही नारळ आणि तेल आंब्याखाली जमिनीवर ठेवायचं आणि मागे सरायचं. मग कुणीतरी त्यावर पाणी शिंपडतो आणि उचलतो. देवाला आमचा नारळ चालतो, आमची वाट चालत नाही. लहानपणी मी कारण विचारलं की आई चुलीकडे वळायची.

खेळाचा पहिला नकाशा मी मुकाट्याने तसाच काढला. आमच्या धंद्याची एक रीत आहे. केलेलं काम एखाद्या साध्या माणसाच्या हातात द्यायचं, गप्प बसायचं आणि बघायचं. मी आईच्या हातात दिलं. तिने देवळापासून पालखी ओढली, आंब्यापाशी आणली आणि तिथे वळलीच नाही. बोट सरळ व्हाळ ओलांडून आमच्या घरावर. पालखी अडकली. तिने परत ओढली. परत.

‘गो बाय, ही फुडे येना गो,’ ती म्हणाली.

आमच्या कामात बोट चुकत नसतं. बोट पुन्हा पुन्हा जिथे जातं तिथे रस्ता नसेल, तर चूक नकाशा काढणाऱ्याची. मी रस्ता काढला. व्हाळावर पूल टाकला. पालखी आमच्या दारात आली. आई पडद्याकडे बघत हात जोडून बसली.

तोच रस्ता आता भाटकारांच्या बोटाखाली होता.

‘थंय पालखी केन्ना गेल्या?’ त्यांनी सरांना विचारलं. मला नाही.

सर हसले. ‘बग आहे, भाटकार. नवीन मुलगी आहे.’

बग म्हणजे बिघाड. माझं घर, बिघाड.

मग भाटकार पहिल्यांदा माझ्याकडे वळले. ‘तूं खंयच्या वाड्यावयली?’

मी सांगितलं. ते पुन्हा सरांशीच बोलले. ‘हिका दुसऱ्या कामाक लाय. ह्यां देवाचां काम.’

सरांनी मान डोलावली. मला म्हणाले, ‘आधी ती झाडं लाव. आत्ताच, सगळ्यांसमोर.’

मी माउस धरला. घरात पगार माझा एकटीचा. पहिलं झाड शेजारच्या काकीच्या घरावर पडलं. घर गेलं. इतकं सोपं. मला स्वतःचीच किळस आली. पुढचं घर आमचं होतं. हात तिथे जाईना.

‘सर, मी हे झाड लावणार नाही,’ मी म्हटलं. आणि काकीच्या घरावरचंही काढून टाकलं.

सरांनी लॅपटॉप तिथेच ठेवून घेतला आणि उद्यापासून येऊ नको म्हणाले. झाडं दुसऱ्या कुणी लावली. जत्रेला खेळ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. आईने तो उघडला, बोट व्हाळापलीकडे नेलं आणि थांबली.

‘आमचां घर खंय गेलां?’

उत्तर मला ठाऊक होतं. मी तिच्यासमोरच हमसून हमसून रडले.

त्यानंतर मुलाखती देत फिरते आहे. म्हापसा, पणजी, पार वास्कोपर्यंत. केलेल्या कामाचा नमुना दाखवा, म्हणतात. मैत्रीण सांगते, दुसरं काहीतरी दाखव. मी तोच नकाशा दाखवते, माझ्या मोबाइलवर राहिलेला, पूल असलेला. असा रस्ता का काढला, असं विचारलं की वाड्याचं नाव घेऊन सांगते. चेहरे बदलतात. कळवतो म्हणतात, कळवत नाहीत. घरी परतताना बसमध्ये जीव घाबरा होतो. आईला आज काय सांगू? उद्या काय शिजवू? असं किती दिवस चालणार, ते मला माहीत नाही.

वेळ आली तर काजूच्या कारखान्यात बिया सोलीन, लोकांची भांडी घाशीन. नमुना बदलणार नाही. ज्यांना मी कामाला हवी, त्यांना आधी माझं घर बघावं लागेल.