चाळीतल्या सगळ्यांचा एकच धंदा

चहा घ्या आणि हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण आता मी स्वतःच्या अकलेचे दिवे कसे पाजळले ते सांगणार आहे.

वागळे इस्टेटजवळच्या एका चाळीत मी एका संस्थेतर्फे दर रविवारी फुकट इंग्रजी शिकवायला जायचो. समाजमंदिरात बारा बायका जमायच्या, सगळ्या आसपासच्या कंपन्यांत कामाला. आणि संस्थेनं दिलेलं पुस्तक काय वर्णावं! 'कामधंदे' या धड्यात पहिलंच चित्र अंतराळवीराचं. पुढचं वैमानिकाचं. अहो, वागळे इस्टेटमधून कोण चंद्रावर चाललंय? पॅकर नाही, वेल्डर नाही, रिक्षावाला नाही. एसीत बसून गरिबांसाठी पुस्तकं काढणाऱ्यांचं डोकं हे असं चालतं.

मी डोंबिवलीचा, एमए झालेला, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, डोक्यात क्रांती. पुस्तक बाजूला सारलं. "खरे शब्द खऱ्या माणसांकडून शिकायचे! घरोघरी जा, 'व्हॉट डू यू डू?' विचारा, नाव आणि काम वहीत लिहून आणा."

वंदनाताईंनी हात वर केला. त्या पॅकिंगला होत्या. सुपरवायझरची जागा निघालेली, पुढच्या सोमवारी मुलाखत. लाइनवर कोण काय काम करतं ते साहेबाला इंग्रजीत सांगायचं होतं. म्हणाल्या, "सर, वही घेऊन दारोदार नको. लोक भलतंच समजतील."

"लोक काय म्हणतील, यातच आपण मागे राहिलो, ताई!"

बोललो की नाही टाळीचं वाक्य?

पुढच्या रविवारी वह्या उघडल्या. शिंदे, ही डझ नथिंग. पवार, ही डझ नथिंग. इडल्या विकणाऱ्या कमलमावशी, शी डझ नथिंग. ज्याच्या रिक्षातून मी स्टेशनवरून आलेलो, तो गणेशसुद्धा, ही डझ नथिंग!

मी भडकलो. "कॉपी केलीत? अख्खी चाळ काय हवा खाऊन जगते?"

"लोकांनी हेच सांगितलं, सर," वंदनाताई म्हणाल्या.

"मग मी स्वतः विचारतो!"

इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात हजेरीचं रजिस्टर. निघाली स्वारी.

शिंदे दारातच भेटले. कपाळावर वेल्डिंगचा काळा चष्मा.

"काय काम करता?"

"काय नाय, सायेब. घरीच असतो."

"आणि हा चष्मा?"

"ऊन लागतं ना," म्हणत त्यांनी तो डोळ्यांवर ओढला.

सावलीत उभे होते! पुढे कमलमावशी. मागे ही भली मोठी हंडी वाफाळतेय.

"या इडल्या कुणाच्या?"

"पाहुणे आलेत."

"एवढ्या इडल्या?"

"भूक आहे त्यांना."

तिकडे गणेश रिक्षावर चादर घालत होता. चादरीखालून तिन्ही चाकं दिसत होती, तरी म्हणे, "भंगार आहे, सर."

मला वाटलं, काय हे आळशी, खोटारडे लोक! मागे वळलो, तर रांग लागलेली. प्रत्येकाच्या हातात रेशनकार्डाची झेरॉक्स. पुढे चाळ कमिटीचे अध्यक्ष कांबळेकाका, हात जोडून. "साहेब, सर्व्हेत जे लिहायचं ते लिहा, पण कुणाचं नाव कापू नका."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. बायकांच्या वह्या बघून लोकांना वाटलेलं, हा रेशनकार्डाचा सर्व्हे! कमाई दिसली की नाव कटणार, म्हणून आठवडाभर अख्खी चाळ बेकार झालेली. आणि रजिस्टर घेऊन मी त्या संशयावर शिक्का मारला.

तेवढ्यात कमलमावशी कडाडल्या, "वंदने! आपल्याच माणसांची नावं लिहून देतेस? काका, बंद करा तो क्लास! आजपासून कुलूप!"

वंदनाताईंची उद्या मुलाखत, आणि अजून एकही शब्द शिकवला नव्हता. त्यांचे डोळे भरले. मी कट्ट्यावर चढलो. "मी सरकारी माणूस नाही हो!"

"मग कुठे कामाला?" काकांनी विचारलं.

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"परीक्षांची तयारी करतोय."

"किती वर्षं?"

"चार."

"घर कोण चालवतं?"

"बाबा."

मग गणेश ओरडला, "अरे, हा तर खराखुरा बेकार निघाला!" जी काय हशाची लाट उठली! चादर निघाली, चष्मा परत कपाळावर चढला, मावशींनी माझ्या हातात इडलीची बशी ठेवली. "खा बाळा, सकाळपास्नं उपाशी असशील."

मग काय, मी वेल्डर, मी फिटर, मी ड्रायव्हर, सगळे भांडून कामं सांगू लागले. मी इंग्रजी शब्द सांगत होतो, वंदनाताई लिहीत होत्या. दुपारपर्यंत त्यांना सगळे तोंडपाठ.

पुढच्या रविवारी त्या पेढे घेऊन आल्या. झाल्या सुपरवायझर! वही तपासायला दिली. प्रत्येक नावापुढचं 'नथिंग' खोडून खरं काम लिहिलेलं, एकही चूक नाही.

शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. त्यापुढे सुवाच्य अक्षरात, ही डझ नथिंग.

लाल पेन घेऊन मी बराच वेळ चूक शोधली. मग गुपचूप बरोबरची खूण केली.