चेन नसलेल्या बाजूची पट्टी

मुलीच्या कार्बनच्या सायकलला चेन लागून चरे पडू नयेत म्हणून तिने दिलेली रबराची पट्टी मी चेन नसलेल्या बाजूला चिकटवली.

यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, तरी सांगतो. मुलगी पुण्यात नोकरी करते. तिथली खोली बदलायची होती म्हणून सायकल तिने काही दिवस नगरला आमच्याकडे आणून ठेवली. गेल्यावर फोन केला, "बाबा, खुशाल चालवा, पण आधी ती पट्टी लावा. मागच्या चाकाकडे जाणारा खालचा दांडा असतो ना, उजवा, त्याला. खड्ड्यात चेन उसळते आणि त्याच्यावर आपटते. कार्बन आहे ते, लोखंड नाही."

पंक्चर काढताना करतात तशी मी सायकल अंगणात उलटी केली, मागे उभा राहिलो आणि माझ्या उजव्या हाताच्या दांड्याला पट्टी दाबून बसवली. सायकल उलटी केली की तिचं उजवं आपल्या डावीकडे जातं, हे डोक्यात आलं नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलाय मी. बरं, चेन पलीकडे आहे हे मला दिसत होतं. पण कार्बनचं काही वेगळं शास्त्र असेल, धक्का तिकडे बसून दुखणं इकडे निघत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझ्या कंबरेचं तसंच आहे.

मग ऐटीत घोडेगावला निघालो. तिथे माझा एक जुना मित्र म्हशींचा व्यापार करतो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला खाट् खाट् असा आवाज यायला लागला. मी आधी पेडल बघितलं, मग सीट हलवून बघितलं, मग स्वतःचा गुडघा चाचपला. पट्टी लावलेली असल्यामुळे चेनवर संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं.

मित्राने बाजारात सायकल म्हशीसारखीच पाहिली. भोवती एक चक्कर मारली, पाठीवरून हात फिरवला, खाली वाकला.

"मास्तर, ही पट्टी कशाला?"

"चेन लागू नये म्हणून."

"मंग चेन त्या अंगाला का हाय?"

मी पलीकडे जाऊन वाकलो. दांड्याचा रंग ठिकठिकाणी उडाला होता आणि मधोमध केसाएवढी बारीक रेघ होती.

"तडा हाय," मित्र म्हणाला.

"नक्की?"

"न्हाई, चराच आसंल." पुन्हा वाकला. "पर लई खोल दिसतोय. तडाच."

"अरे, काय ते एक सांग."

"म्हशीचं इचारा, सांगतो. ह्याला ना दात, ना शिंगं."

सायकल टेम्पोत टाकून घरी आणली आणि मोबाईल घेऊन बसलो. एक जण सांगत होता, नुसता रंग गेला तर काही बिघडत नाही. दुसरा म्हणत होता, लोखंड आधी वाकतं तरी, कार्बन न सांगता मोडतं. दोघंही इतक्या खात्रीने बोलत होते की मला दोघांचंही पटलं. मुलगी रविवारी येणार होती आणि हीच सायकल घेऊन करंजी घाट चढून-उतरून येणार होती. चरा असेल तर थोडी बोलणी खाईन. तडा असेल तर?

शेवटी मी पट्टी सोडवून बरोबर दांड्याला चिकटवली. आता तिथे चेनही लागणार नव्हती आणि रेघही दिसत नव्हती. एका पट्टीत दोन कामं झाली म्हणून बरं वाटायला हवं होतं. वाटेना.

रविवारी तिने हेल्मेट घातलं, वाकून पाहिलं. "छान बसलीये की पट्टी. येते जाऊन." तिने सायकल फाटकाबाहेर काढली आणि मी मागून चाकच धरलं.

"काय झालं?"

"हवा कमी वाटतेय."

"आत्ता भरली मी."

"मग उद्या जा."

"बाबा, काय केलंत?"

सांगितलं. कंबरेच्या शास्त्रासकट सगळं सांगितलं. तिने पट्टी सोलून काढली, रेघेवरून नख फिरवलं, खिशातलं नाणं काढून दांड्यावर एका टोकापासून टकटक वाजवत आली. "तडा असेल तिथे आवाज बसका येतो," एवढंच म्हणाली. मला सगळेच आवाज सारखे वाटत होते आणि सगळेच वाईट. रेघेवर ती दोनदा थांबली, कान लावून ऐकलं.

"वरचा रंगच गेलाय असं वाटतंय. पण पुण्यात दाखवल्याशिवाय घाटात नाही नेणार." मग माझ्याकडे बघितलं. "चुकलं ते चुकलं, पण झाकलंत कशाला? उतारावर मी असते ना."

उत्तर आलं ते पायरीवर मेथी निवडत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींकडून.

"नाणं हातात आहे तोवर यांचं डोकंही वाजवून बघ," त्या लेकीला म्हणाल्या. "आणि आवाज बसका आला तर घाबरू नकोस. लग्नापासून तसाच येतोय."